उपडं पातेलं

खोटंच रचायचं असतं, तर मी रात्र निवडली असती.

पण जे घडलं ते सकाळी घडलं. दोन्ही वेळा सकाळीच. लख्ख उजेडात, लुईझियानाच्या दक्षिण टोकाला, बायू मर्ल नावाच्या संथ खाडीकाठी, जिथे आमच्या गल्लीतली पाच घरं खांबांवर उभी होती.

त्या उजेडाविषयी आधी सांगायला हवं.

ऑगस्टच्या अखेरीस आमच्याकडे ऊन एकदम येत नसे. आधी खाडीपलीकडच्या उंच गवताची टोकं तेवढी पिवळी होत. मग पाण्यावर एक फिकट पट्टा उमटे. तो हलत हलत अलीकडे येई, धक्क्याला बांधलेल्या कोळंबीच्या बोटींवर चढे आणि वर गुंडाळून ठेवलेल्या जाळ्यांतून गाळून निघाल्यासारखा पलीकडे उतरे. ओकच्या फांद्यांवरून लोंबणाऱ्या करड्या शेवाळात तो बराच वेळ अडकून राही. मग कठड्यावर उलटे वाळत घातलेले पांढरे रबरी बूट उजळत. मग पायऱ्या. मग ओसरी. शेवटी जाळीच्या दारातून तो स्वयंपाकघरात शिरे, लाकडी जमिनीवर बारीक बारीक चौकटी आखी आणि आईच्या कॉफीच्या वाफेपाशी येऊन थांबे. मी तिथे बसून त्याच्याकडे पाहत असे. मला माणसांपेक्षा उजेडाशी बोलणं सोपं वाटे.

त्या सकाळीही तो तसाच आला. कसलीही घाई नसलेला.

वादळ तेव्हा दीडशे मैलांवर होतं.

त्या वादळाचं नाव मी लिहिणार नाही. ज्या वादळाने आपलं माणूस नेलं, त्याचं नाव आमच्या घरात घेत नाहीत.

गाव रिकामं करायचा हुकूम आदल्या दिवशीच निघाला होता. पण आमच्याकडे हुकूम आला, की माणसं आधी गाडी भरत नाहीत. आधी फ्रीझर उपसतात. वीज जाणार हे ठरलेलंच. मग वर्षभराची कोळंबी, खेकडे, बदकं, हरणाचे सॉसेज कुजू कशाला द्यायचे? पाचही घरांचा माल एकत्र होतो, प्रत्येक घराचं बिडाचं मोठं पातेलं बाहेर निघतं, आणि निघायच्या आधी गल्ली एकत्र बसून गंबो जेवते. रणरणत्या उन्हात, काळा, दाट, वाफाळता रस्सा भातावर ओतून.

त्या गंबोचा जीव म्हणजे रू. तेलात मैदा घालून तो चॉकलेटी होईपर्यंत ढवळत राहायचं. क्षणभर हात थांबला, तर करपतो.

आणि रूवर शेवटचा शब्द शेजारच्या टाँट झेलियाचा. वय चौऱ्याहत्तर. नवरा समुद्रात गेलेला, मूलबाळ नाही. नात्याने आमची कोणी नव्हती, पण सगळी गल्ली तिला टाँट, म्हणजे मावशीच, म्हणायची.

“वर्ना, हा रू आहे की दुधाचा चहा?” तिने माझ्या आईच्या पातेल्यात डोकावून विचारलं. “ढवळ अजून. हात गळून पडला तर दुसऱ्या हाताने ढवळ.”

“टाँट, वादळ संध्याकाळी येतंय,” डॅडी फळ्या ठोकता ठोकता ओरडले. “तोवर झाला तर बरं!”

“वादळाला काय धाड भरलीये? ते दरवर्षी येतं. चांगला रू दरवर्षी होतो का?”

सगळे हसले. मीही हसलो.

मग तिची नजर माझ्यावर आली.

“आणि हे आमचे टी-ओव्हीद!” डॅडींचंही नाव ओव्हीद, म्हणून मी कायमचा टी, धाकटा. “चोवीस वर्षांचा घोडा झाला, भांडं विसळताना अजून लाजतो. नोएमी, इकडे ये गं पोरी. तुला माहितीये का, ह्याच्या वहीत तुझ्यावर सतरा पानं आहेत?”

नोएमी समोरच्या घरातली. तिच्या हातात भाताची परात होती. ती जागीच थांबली.

“टाँट…” मी म्हणालो.

“वही आमच्या ओसरीवर विसरलास, मी वाचली. डोळे, पाणी, पाऊस, परत डोळे. तुझ्याशी कधी बोललाय का गं हा?”

“नाही,” नोएमी म्हणाली.

“बघा! सतरा पानं, आणि ‘बरी आहेस का’ एवढं विचारायची छाती नाही!”

गल्ली हसली. डॅडी हसले. आई तोंडाला पदर लावावा तसा हाताचा पंजा लावून हसली. ते सगळं मी सोसलं असतं.

पण नोएमीही हसली.

टाँटने माझ्या हातात एक वाडगा कोंबला. खेकड्याचा सगळ्यांत मोठा नांगा त्यात होता. “खा. रागावलास की तुझी हाडं दिसतात.”

मी तो वाडगा तसाच कठड्यावर ठेवला.

नऊ वाजता तिने आपलं पातेलं घासून पायरीवर ठेवलं. “मी गोळी घेते,” ती आईला म्हणाली. गाडीत तिला मळमळे, म्हणून निघण्याआधी ती एक गोळी घेई, आणि ती घेतली की मेल्यासारखी झोपे. “तासभर पडते. निघताना ह्या कवीला पाठव. दार जोरात वाजव रे, मला ऐकू कमी येतं. उगाच लाजत टकटक केलीस, तर मी वादळ येऊन गेल्यावरच उठेन!”

पुन्हा सगळे हसले.

आता पातेल्यांचं सांगतो. दारं-खिडक्यांवर फळ्या ठोकल्या, की घरात माणूस आहे की नाही हे बाहेरून कळत नाही. पत्रपेट्या पाण्याखाली जातात, फोन मरतात. म्हणून आमच्या खाडीची रीत अशी, की निघताना बिडाचं पातेलं सगळ्यांत वरच्या पायरीवर उपडं घालायचं. उपडं पातेलं म्हणजे घर रिकामं. सुलटं म्हणजे आत कोणी आहे. वीस-वीस किलोचं ते बीड कुठल्याही वाऱ्याने हलत नाही, म्हणून त्यावर सगळ्यांचा विश्वास. वादळानंतर बोटी घेऊन फिरणारे गावकरी फक्त पायरीकडे बघतात.

उपडी घालायचं काम गल्लीतल्या सगळ्यांत धाकट्याचं. म्हणजे माझं.

साडेदहाला डॅडींनी गाडी सुरू केली. “टी, पातेली उपडी घाल. आणि टाँटला घेऊन ये.”

मी गेलो.

मी परत आलो.

“काय रे? टाँट कुठे?”

“तीनदा दार वाजवलं. आत कोणी नाही. आर्मोंबरोबर गेली असेल.”

आर्मों तिचा पुतण्या. आठ वाजता त्याची गाडी खिळे द्यायला येऊन गेली होती, हे खरं होतं.

“न सांगता कशी गेली?” आईने मागे वळून पाहिलं.

“आर्मोंच्या गाडीत एसी चांगलाय,” डॅडी म्हणाले. “आपल्या गाडीला मागच्या वर्षी कोंबड्यांचा ट्रक म्हणाली होती. पातेलं?”

“उपडं आहे,” मी म्हणालो.

तिसऱ्या दिवशी, उत्तरेकडच्या एका मोटेलमधून, आईचा फोन आर्मोंला लागला.

“टाँट?” तो म्हणाला. “ती तुमच्याबरोबर आहे ना?”

आई पलंगाच्या कडेवर बसली. बराच वेळ तिने फोन खाली ठेवला नाही.

गावाकडचे फोन बंद, रस्ते पाण्याखाली; नवव्या दिवशी आम्ही परतू शकलो. ओकची मोठी फांदी टाँटच्या दारावर आडवी पडली होती. खिडक्यांना फळ्या. आत, पाण्याने काळ्या पडलेल्या स्वयंपाकघरात, ती सापडली.

तिच्या हातात लोखंडी डाव होता.

मिस्टर नोली गावातच थांबले होते, आपली बोट घेऊन घरोघर फिरले होते. ते आमच्या पायरीवर बसून लहान मुलासारखे रडले.

“मी ऐकलं होतं, वर्ना. वादळाच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी सात वाजता. ठण… ठण… ठण… असं आतून. पण पातेलं उपडं होतं. मला वाटलं, पत्रा सुटलाय.”

डॅडींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “पोराने तीनदा वाजवलं होतं,” ते म्हणाले. “गोळीने घात केला. कुणाचा दोष नाही.”

त्यानंतर दर सकाळी ते सुरू झालं.

बरोबर सातला. उजेड जाळीच्या दारातून आत यायचा, आणि त्याच्याबरोबर वास यायचा… रू भाजल्याचा. शेजारच्या बंद, रिकाम्या घरातून.

मग ढवळल्याचा आवाज. बिडावर लाकूड घासल्याचा. संथ. न थकणारा.

आई दाराशी जाऊन उभी राही. ती बाहेर पडली, की आवाज थांबे.

आमच्या घरातली भांडी रात्री घासून सुलटी ठेवलेली असत. सकाळी ती उपडी असत. चहाचं भांडं. पेला. साखरेची वाटी… साखर खाली तशीच, वर वाटी उपडी.

“तू करतोस का रे हे?” आईने विचारलं.

“नाही.”

तिने वाटी सुलटी केली.

“टी, तू दार जोरात वाजवलं होतंस ना? तिला ऐकू येत नव्हतं.”

“तीनदा, ममा. जोरात.”

त्या दिवसापासून आईचा रू जमेना. ती तासन्तास ढवळे. रंग धरला, असं वाटलं की एका क्षणात सगळं काळं होई. पातेल्यातून कडू धूर निघे. तिला दमा होता, तो त्या वर्षी फार वाढला. डॉक्टरांनी फवाऱ्याचं औषध दिलं. ती ते कायम एप्रनच्या खिशात ठेवू लागली.

तिने रू करणं सोडलं नाही. “चुकतंय कुठे?” एवढंच म्हणे. “टाँट असती तर सांगितलं असतं.”

पुढच्या सप्टेंबरात दुसरं वादळ आलं.

ते पश्चिमेला जाणार होतं. ऐनवेळी वळलं. डॅडी बोट आतल्या कालव्यात सुरक्षित ठेवायला गेले होते. तिथून कोणाची तरी गाडी घेऊन येऊन आम्हांला नेणार होते. नोएमीचं घर निघालं, गल्ली निघाली. आई म्हणाली, “तुझ्या डॅडींना सोडून मी जाणार नाही.” डॅडी यायच्या आत रस्ता पाण्याखाली गेला.

मी आमचं पातेलं सगळ्यांत वरच्या पायरीवर ठेवलं.

सुलटं. माझ्या हातांनी. आत दोन विटाही ठेवल्या.

रात्र कशीतरी गेली. पहाटे वारा पडला. पण ओसरीचं छप्पर खचून दारावर बसलं होतं, आणि पाणी आमच्या जमिनीच्या फळ्यांना खालून चाटत होतं. कुऱ्हाड डॅडींबरोबर बोटीवर. खिडकीवरच्या दोन फळ्यांमध्ये बोटभर फट होती. तिच्यातून सकाळ आत आली. जमिनीवर एक बारीक पिवळी रेघ पडली.

त्या फटीतून पायरी दिसत होती.

आई ओट्याला टेकून बसली होती. तिचा श्वास शिटीसारखा वाजत होता. औषधाचा फवारा तिने हलवून पाहिला. “संपत आलंय,” ती म्हणाली. “नोली येईल. सातला निघतो तो.”

सात वाजता मोटर ऐकू आली.

मी लोखंडी डाव घेतला आणि फळीवरच्या लोखंडी पट्टीवर मारू लागलो. ठण! ठण! ठण! ओरडत होतो. मग फटीला डोळा लावला…

पातेलं उपडं होतं.

विटा शेजारी नीट रचून ठेवल्या होत्या.

मोटर ओसरीपाशी येऊन मंदावली. मिस्टर नोलींचा आवाज आला. “कोणी आहे का आत?”

“आहोत! आम्ही आहोत!” मी किंचाळलो.

“काय म्हणता?” ते म्हणाले. आम्हांला नव्हे. ओसरीवरच्या कोणाला तरी. “हो का?… बरं… बरं, तुम्ही सांगताय तर…”

फटीतून मला ओसरी दिसत होती. तिथे ऊन होतं. बाकी कोणी नव्हतं.

मोटर दूर गेली.

आईने माझ्याकडे पाहिलं. “कोणाशी… बोलत होता तो?”

मी पुन्हा फटीला डोळा लावला.

“टी.” तिने मधे श्वास घेतला. “तू वाजवलं होतंस ना रे… दार?”

“हो, ममा. तीनदा.”

बाहेर, पायरीवर… ठण.

एकदाच.

नऊ वाजता मोटर पुन्हा आली. पुन्हा मंदावली. मी हात रक्ताळेपर्यंत फळ्या बडवल्या. पुन्हा मिस्टर नोलींचं ते अर्धं संभाषण. “कसला आवाज म्हणायचा तो?… अच्छा… अच्छा…” पुन्हा मोटर लांब गेली.

औषध संपलं होतं. आईचे ओठ निळसर दिसत होते. जमिनीवरची उन्हाची रेघ सरकत सरकत तिच्या हातापर्यंत आली होती.

“खरं सांग,” ती म्हणाली. “मी… काही बोलणार नाही तुला. रागावणार नाही. फक्त… सांग.”

ती माझी आई होती. मी तिचा हात धरला होता. एक वाक्य होतं. ते घशापर्यंत आलं, आणि मला गल्लीचं हसू ऐकू आलं. आता आईही मला ओळखेल, असं वाटलं.

“तीनदा वाजवलं, ममा,” मी म्हणालो.

तिने डोळे मिटले. हात सोडवून घेतला.

ठण.

मोटर दहानंतर तिसऱ्यांदा आली, आणि गेली. त्या वेळी मिस्टर नोलींनी हाकही मारली नाही.

अकराच्या सुमाराला शिटी थांबली.

दुपारी दोन वाजता दारावरचं छप्पर कोणीतरी उचकटलं. मिस्टर नोली आणि आणखी दोघं. भसकन उजेड आत आला. आईला पाहून ते दारातच गुडघ्यांवर बसले.

“आत्ता पातेलं सुलटं दिसलं,” ते म्हणत राहिले. “आत्ता सुलटं दिसलं रे. सकाळी उपडं होतं. तीनदा आलो मी, टी. तीनदा!”

“तुम्ही कोणाशी बोलत होता?” मी विचारलं.

“त्या बाईशी. तुमच्या ओसरीवर बसली होती ना! पिवळा रेनकोट, टोपी पार खाली ओढलेली. पाठमोरी. मी गेल्या वर्षीपासून नुसत्या पातेल्यावर विसंबत नाही, पोरा. थांबून विचारतो. म्हणून विचारलं तिला, आत कोणी आहे का?”

“ती काय म्हणाली?”

त्यांनी टोपी काढली. ओठ पुसले.

“म्हणाली, ‘तीनदा दार वाजवलं. आत कोणी नाही.’”

मी पायरीवरच्या पातेल्याकडे पाहिलं.

“मग मी म्हटलं, ठण ठण असा आवाज येतोय तो कसला? तर हसली. म्हणाली, ‘पत्रा सुटलाय, नोली.’ माझं नाव घेतलं तिने. आवाज इतका ओळखीचा… दिवसभर डोक्याला ताण देतोय, कुणाचा ते…”

त्यांनी शेजारच्या घराकडे पाहिलं. त्यांचा चेहरा हळूहळू पांढरा पडत गेला.

मिस्टर नोलींनी त्या महिन्यात बोट विकली. आता ते खाडीकडे येत नाहीत.

मी आणि डॅडी उत्तरेला राहतो, समुद्रापासून चार तासांवर. इथे वादळाचा नुसता पाऊस येतो. आमच्या घरात बिडाचं भांडं नाही. तरीही सातला वास येतो, आणि उजेड स्वयंपाकघरात शिरायच्या आधी दाराशी जरा थबकतो, असं मला वाटतं. वाटतं, की कोणीतरी वाटेत उभं आहे.

डॅडी अजून विचारतात. “ती बाई कोण असेल रे? आणि आत माणसं असताना असं का सांगितलं तिने? तुम्हांला तिची टकटक ऐकू आली नाही का?”

नाही आली. आम्ही दोघं दारापासून पाच पावलांवर होतो. त्या सकाळी आमचं दार कोणीही वाजवलं नाही.

डॅडी म्हणतात, मग ती बाई खोटं बोलली.

मी मान हलवतो.

त्यांना मी अजूनही सांगितलेलं नाही. इथे लिहितो, कारण वाचणाऱ्यांपैकी मला कोणी ओळखत नाही.

त्या दिवशी साडेदहाला मी टाँट झेलियाच्या जाळीच्या दाराशी उभा होतो. आत ती घोरत होती. मला स्वच्छ ऐकू येत होतं. मी तिचं पातेलं उचललं, उपडं घातलं आणि पायऱ्या उतरलो.

मी दार वाजवलंच नाही.